चेंबर ऑफ कॉमर्सच्या सदस्य-समितीत काम कसे करावे: नव्या सदस्यासाठी मार्गदर्शक

चेंबर ऑफ कॉमर्सचे, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे, सदस्यत्व घेतलेल्या लघुउद्योजकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. वर्गणी भरली, प्रमाणपत्र कार्यालयात लावले, चर्चासत्रांची निमंत्रणे येत राहिली, पण आपल्या धंद्यातील अडचणींचे पुढे काय झाले ते कळले नाही. ही तक्रार करणारे बहुतेक जण चेंबरच्या एकाही समितीवर नसतात. चेंबरच्या नावाने शासनाकडे जी निवेदने जातात आणि नियामक आयोगांपुढे जी बाजू मांडली जाते, तिचा पहिला मसुदा सदस्यांच्या समितीत तयार होतो. तो अध्यक्षांच्या सहीसाठी पोचतो तेव्हा कोणता प्रश्न घ्यायचा, कोणता सोडायचा आणि मागणी कोणत्या शब्दांत करायची, हे ठरून गेलेले असते.

मी पुणे परिसरात यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना चालवतो आणि चेंबरच्या ऊर्जाविषयक व करविषयक समित्यांवर काम केले आहे. समितीवर नव्याने आलेल्या सदस्यांचा सुरुवातीचा बराच काळ ‘येथे आपण नेमके काय करायचे’ या संभ्रमात जातो, आणि काही चांगली माणसे त्या संभ्रमातच येणे थांबवतात. तसे होऊ नये म्हणून कामाचा क्रम येथे मांडला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील असली, तरी कार्यपद्धती देशातील बहुतेक चेंबरांना लागू पडेल.

१. समितीचा अधिकार कोठे संपतो ते आधी समजून घ्या

जर्मनी आणि फ्रान्स या देशांत व्यवसाय करणाऱ्यास कायद्यानेच चेंबरशी जोडले जाते. आपल्याकडील चेंबरे स्वेच्छा-सदस्यत्वावर उभी आहेत. १८३६ मध्ये स्थापन झालेले बॉम्बे चेंबर, १९०७ चे इंडियन मर्चंट्स चेंबर, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये उभे राहिलेले महाराष्ट्र चेंबर आणि अ. रा. भट यांच्या प्रयत्नांतून १९३४ मध्ये पुण्यात सुरू झालेले मराठा चेंबर, या सर्व संस्था व्यापारी-उद्योजकांनी आपणहून एकत्र येऊन काढल्या. याचा व्यवहारातील अर्थ असा, की शासनाने चेंबरचे म्हणणे मान्य करावे असे कोणतेही कायदेशीर बंधन नाही. चेंबरच्या शब्दाला वजन येते ते दोन गोष्टींमुळे: त्यामागे किती आणि कोणत्या प्रकारचे उद्योग उभे आहेत, आणि मांडलेली बाब किती पक्की आहे. यांपैकी दुसरी गोष्ट पूर्णपणे समितीच्या हातात असते.

समिती शिफारस करते. निर्णय कार्यकारिणी किंवा नियामक मंडळ घेते. पत्रव्यवहार, नोंदी आणि पाठपुरावा सचिवालय, म्हणजे चेंबरचे पगारी कार्यालय, करते. ही तिहेरी विभागणी लक्षात न घेतल्याने बरेच गैरसमज होतात. समितीने एकमताने केलेली शिफारस कार्यकारिणीने बाजूला ठेवली म्हणजे समितीचा अवमान झाला असे नाही. कार्यकारिणीला इतर समित्यांचे म्हणणेही तोलावे लागते आणि ते अनेकदा आपल्याविरुद्ध असते.

समित्यांचे साधारण तीन प्रकार दिसतात. कर, ऊर्जा, पर्यावरण, कामगार, निर्यात, कृषिप्रक्रिया अशा विषयांच्या समित्या. औद्योगिक वसाहत किंवा जिल्ह्याच्या प्रादेशिक समित्या. आणि प्रशिक्षण, नियतकालिक, लवाद यांसारख्या सेवांवर देखरेख करणाऱ्या समित्या. लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालील अंतर्गत समिती यांत मोडत नाही. ती कायद्याने नेमावी लागते आणि तिची कार्यपद्धती वेगळी असते.

२. घटना आणि नियमावली मागून घ्या

चेंबर एकतर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी असते, किंवा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. पहिल्या प्रकारात आर्टिकल्स ऑफ असोसिएशन आणि दुसऱ्या प्रकारात घटना व पोटनियम पाहावे लागतात. सचिवालयाकडे मागणी केल्यास ते मिळतात. संपूर्ण वाचण्यास वेळ नसेल तर निदान पुढील बाबी शोधून काढा: समिती कोण नेमते, तिची मुदत किती, गणपूर्ती किती, सलग किती बैठकांना अनुपस्थित राहिल्यास सदस्यत्व जाते, सहयोगी सदस्यास समितीत मत देता येते की केवळ चर्चेत भाग घेता येतो, आणि चेंबरच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आहे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. तिचा संबंध पुढे येईल.

३. समिती निवडताना स्वतःच्या कागदपत्रांकडे पाहा

नवे सदस्य प्रतिष्ठित वाटणाऱ्या समितीकडे ओढले जातात. माझा सल्ला वेगळा आहे. ज्या विषयाची कागदपत्रे दर महिन्याला आपल्या टेबलावरून जातात, त्या विषयाची समिती निवडा. वीज हा आपल्या उत्पादनखर्चातील मोठा घटक असेल, तर आपल्याकडे महावितरणची बिले आहेत आणि ऊर्जा समितीला तीच हवी असतात. जीएसटीचा परतावा अडकलेला असेल, तर करविषयक समितीत आपले प्रकरण हाच पहिला पुरावा ठरतो. केवळ मत असलेले सदस्य समितीला पुष्कळ मिळतात; आकडे घेऊन येणारे फार थोडे असतात, आणि म्हणूनच लहान कारखान्याचा मालकही पहिल्या वर्षातच समितीला हवाहवासा होऊ शकतो.

एका वेळी एकच समिती घ्या. दोन समित्यांवर नाव असलेला सदस्य बहुधा दोन्हीकडे अर्धवट तयारीने येतो.

४. नामनिर्देशनासाठी लागणारी कागदपत्रे

समित्यांची पुनर्रचना बहुतेक ठिकाणी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर होते. कलम ८ खालील कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळे ही सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणून इच्छापत्र ऑगस्टमध्येच देऊन ठेवावे. सोबत पुढील कागद जोडावेत:

- चालू वर्षाच्या वर्गणीची पावती आणि सदस्यत्व क्रमांक. थकबाकी असल्यास नाव पुढे जात नाही.
- प्रतिनिधीचे अधिकारपत्र. कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव आणि भागीदारी असल्यास सर्व भागीदारांच्या सह्यांचे पत्र द्यावे.
- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र आणि असल्यास उद्यम (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी) नोंदणी प्रमाणपत्र.
- एका पानाचा परिचय. त्यात उत्पादन, त्याचा एचएसएन क्रमांक (करासाठी वस्तूचे वर्गीकरण दाखवणारा), कारखान्याचे ठिकाण, कामगारसंख्या आणि वीजजोडणीचा प्रकार असावा. स्वतःच्या पुरस्कारांची यादी येथे नको.
- हितसंबंधांचे निवेदन. आपण सल्लागार असाल, किंवा समितीच्या विषयाशी संबंधित यंत्रसामग्री वा सेवा विकत असाल, तर ते येथेच लिहून द्यावे.

अधिकारपत्राबाबत एक सूचना. मालकाचे नाव द्यायचे आणि बैठकीला प्रत्येक वेळी निराळा कर्मचारी पाठवायचा, ही पद्धत समितीचे मोठे नुकसान करते. ज्याला मागील चर्चा ठाऊक नाही तो तीच चर्चा पुन्हा सुरू करतो. वेळ देऊ शकणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव द्या आणि शेवटपर्यंत तिलाच पाठवा.

५. पहिल्या बैठकीपूर्वी मागील कामाचे वाचन करा

सचिवालयाकडून मागील किमान वर्षभराची इतिवृत्ते, पाठवलेली निवेदने आणि त्यांना आलेली उत्तरे मागवा. आपण जो प्रश्न घेऊन निघालो आहोत तो समितीने पूर्वीच उचललेला असतो, असे पुष्कळदा आढळते. त्यावर विभागाने लेखी उत्तर दिलेले असेल तर पुढील चर्चेची सुरुवात त्या उत्तरापासून व्हायला हवी. निमंत्रकांना बैठकीपूर्वी दूरध्वनी करून आपला विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली मांडलेल्या प्रश्नाला सर्वांची तयारी नसताना आणि बैठक संपत आलेली असताना वेळ मिळतो, आणि त्यावर निर्णय क्वचितच होतो.

६. अडचणीचे निवेदन करण्याची रीत शिका

समितीच्या कामाचा गाभा हाच आहे, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो. सदस्य अडचण घेऊन येतो. विभागाला हवी असते ती कलम, आकडा आणि मागणी यांनी बांधलेली बाब. या दोहोंमधील अंतर समितीने भरून काढायचे असते.

पहिला प्रश्न असा, की हा निर्णय कोणाच्या हातात आहे? जीएसटीचे उदाहरण घ्या. कराचा दर बदलून हवा असेल तर स्थानिक आयुक्तांना भेटून काहीही होणार नाही. दरांची शिफारस संविधानाच्या अनुच्छेद २७९अ खालील जीएसटी परिषद करते. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन-तृतीयांश असल्यामुळे निवेदनाची प्रत राज्याच्या वित्त विभागालाही तितक्याच तयारीने द्यावी लागते. वस्तूच्या वर्गीकरणाचा वाद असेल तर अग्रिम अधिनिर्णय (कर लागण्यापूर्वीच प्राधिकरणाकडून मिळवलेला निर्णय) किंवा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकाची मागणी हा मार्ग आहे. परतावा रखडला असेल किंवा पोर्टलवर अडथळा येत असेल, तर विभागीय पातळीवरील तक्रार निवारण समिती आहे. डिसेंबर २०१९ मधील परिषदेच्या निर्णयानंतर स्थापन झालेल्या या समित्यांत व्यापार-उद्योग संघटनांचे प्रतिनिधी घेतले जातात. तिन्ही बाबी ‘जीएसटीची अडचण’ म्हणूनच समितीसमोर येतात, परंतु त्यांचे पत्ते वेगळे आहेत. पत्ता चुकला तर उत्कृष्ट निवेदनही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ होऊन फाइलींत फिरत राहते.

योग्य पत्त्यावर चिकाटीने मांडलेल्या बाबीचे काय होते, याचे एक बोलके उदाहरण उलट्या कररचनेच्या परताव्याचे आहे. कच्च्या मालावरील कर तयार मालाच्या करापेक्षा अधिक असला म्हणजे न वापरलेला कर परत मिळतो, परंतु तो वस्तूंवरील कराचा. सेवांवरील कराचा नाही. १३ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हीकेसी फूटस्टेप्स प्रकरणात ही मर्यादा वैध ठरवली, पण परताव्याच्या सूत्रातील विसंगतींकडे परिषदेने लक्ष द्यावे असेही म्हटले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये नियम ८९(५) मधील सूत्र बदलण्यात आले. ‘सेवांचाही परतावा द्या’ एवढीच मागणी धरून बसलेल्यांच्या हाती त्या टप्प्यावर काही लागले नसते. सूत्र कोठे अन्याय करते ते आकडेमोडीने दाखवणाऱ्यांचे म्हणणे टिकले. समितीत मी नेहमी याच क्रमाचा आग्रह धरतो: कायद्यातील बदल ही मोठी मागणी, नियमातील बदल ही मधली मागणी आणि परिपत्रकाने होणारा खुलासा ही छोटी मागणी. निवेदनात तिन्ही असाव्यात, म्हणजे वरची नाकारली गेली तरी खालच्या मागणीवर निर्णय होऊ शकतो.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. समजा, समितीला उद्योगांच्या वीजदरवाढीला हरकत घ्यायची आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ नुसार दराच्या प्रस्तावावर जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढावा लागतो, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोग त्यासाठी जाहीर सुनावण्या घेतो. तेथे ‘उद्योग मेटाकुटीला आले आहेत’ हे वाक्य शेकडो जण बोलतात आणि ते नोंदवलेही जाते, परंतु त्याने आदेशातील एकही आकडा बदलत नाही. उपयोग होतो तो प्रस्तावातील विशिष्ट तक्ता घेऊन त्यातील गृहीतकाला उत्तर दिल्याने: विक्रीचा अंदाज, वितरण हानी, मागणी आकार (जोडणीच्या कमाल भारावरील शुल्क), दिवसाच्या वेळेनुसार सवलत वा अधिभार. त्यासाठी सदस्यांची बारा महिन्यांची बिले लागतात आणि ती जोडणीच्या प्रकारानुसार वेगळी करावी लागतात. काही संघटनांनी हे काम इतक्या गांभीर्याने केले, की कलम ९४(३) खाली आयोगाने त्यांना ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन ही त्यांतील उद्योगक्षेत्रातील नावे आहेत. त्यांच्या हरकतींचा गोषवारा आयोगाच्या जुन्या आदेशांत वाचायला मिळतो. नव्या सदस्याने मसुदालेखन शिकण्यासाठी तो अवश्य वाचावा; कोणत्या मुद्द्याला आयोगाने कारणांसह उत्तर दिले आणि कोणता मुद्दा एका ओळीत निकाली काढला, हे पाहिले की पुढचे पुष्कळ आपोआप कळते.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे: ही मागणी आपल्याच दुसऱ्या सदस्याच्या मुळावर येते का? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. वित्त अधिनियम, २०२३ ने आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३ब मध्ये उपकलम (एच) घातले आणि मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष रक्कम दिली जाईपर्यंत मिळणार नाही, असे १ एप्रिल २०२४ पासून ठरले. सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकांना हा दिलासा होता. त्याच वेळी दीर्घ उधारीवर माल फिरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांचे गणित बिघडले. शिवाय घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली असली, तरी ती अग्रक्रम क्षेत्रातील (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरतीच; त्यामुळे स्वतःच्या थकलेल्या येण्यासाठी त्यांना या कायद्याचे संरक्षण नव्हते. हे दोन्ही वर्ग एकाच चेंबरचे सदस्य आहेत आणि एकाच दराने वर्गणी भरतात.

अशा वेळी मतदान घेऊन बहुसंख्येने विषय संपवणे मला योग्य वाटत नाही. जिंकलेल्या गटाचे निवेदन जाते, हरलेला गट आपल्या दुसऱ्या संघटनेमार्फत विरोधी निवेदन पाठवतो, आणि विभागाला काहीच न करण्याचे कारण मिळते. दोन्ही बाजूंचे दोन-दोन सदस्य घेऊन उपसमिती करावी आणि ज्यावर दोघांचे एकमत होऊ शकते असा भाग शोधावा. वरील विषयात तो सापडतो: वादग्रस्त किंवा नाकारलेल्या मालाची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची याचा स्पष्ट खुलासा, पुरवठादाराची नोंदणी-स्थिती सहज पडताळता येण्याची सोय, आणि बिलांवर आगाऊ रक्कम देणाऱ्या ट्रेड्स व्यवस्थेचा प्रसार. जेथे एकमत होणे शक्यच नाही, तेथे दोन्ही मते इतिवृत्तात नोंदवून विषय कार्यकारिणीकडे पाठवावा. ते प्रामाणिकपणाचे आहे.

निवेदनाची लांबी दोन पानांची असावी. आकडेवारी परिशिष्टात जावी. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात तिचा कायदेशीर आधार, तिसऱ्यात परिणामांची आकडेवारी, चौथ्यात शासनाच्या महसुलावर होणारा परिणाम. हा चौथा परिच्छेद बहुतेक समित्या गाळतात, आणि अधिकारी नेमका तोच प्रश्न विचारतात.

७. मुदतींची दिनदर्शिका बनवा

उत्तम निवेदन उशिरा गेले तर ते वाया जाते. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि त्यासाठी संघटनांच्या सूचना आदल्या वर्षाच्या हिवाळ्यापूर्वीच मागवल्या जातात. म्हणजे समितीतील चर्चा गणेशोत्सवाच्या आसपास सुरू व्हायला हवी. मसुदा अधिसूचनांवर हरकती घेण्याची मुदत त्या अधिसूचनेतच दिलेली असते. पर्यावरण विषयक मसुद्यांना सामान्यतः ६० दिवस मिळतात, इतरांना अनेकदा त्याहून कमी. राजपत्र आणि संबंधित विभागांची संकेतस्थळे दर आठवड्याला पाहण्याचे काम समितीतील एका सदस्याकडे नावानिशी सोपवा. ‘कोणीतरी लक्ष ठेवावे’ असे ठरले, तर कोणीच ठेवत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकांच्या तारखाही या दिनदर्शिकेत असाव्यात. रस्ता, पाणी, कचरा, दिवाबत्ती आणि अतिक्रमण हे वसाहतीतील प्रश्न मंत्रालयात नेण्यापेक्षा तेथे लवकर सुटतात, कारण औद्योगिक विकास महामंडळ, महावितरण, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचे अधिकारी एकाच टेबलाभोवती असतात.

८. स्पर्धा कायद्याची सीमारेषा ओलांडू नका

या धोक्याची कल्पना नव्या सदस्यांना सर्वांत कमी असते, म्हणून पुढील मजकूर काळजीपूर्वक वाचावा. समितीत एकाच मालाचे उत्पादक शेजारी शेजारी बसतात. कच्चा माल महागला की चर्चा स्वाभाविकपणे ‘आपण सर्वांनी दर वाढवू या’ या वाक्याकडे सरकते. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(३) नुसार प्रतिस्पर्ध्यांनी किमती ठरवणे, उत्पादन वा पुरवठा मर्यादित करणे, बाजारपेठ वाटून घेणे किंवा निविदांत संगनमत करणे यांमुळे स्पर्धेला बाधा येते असे गृहीतच धरले जाते, आणि संघटनेच्या व्यासपीठावरून झालेले असे ठरावही त्यात येतात. करार लेखी असण्याची गरज नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना दंड ठोठावला तेव्हा त्यांच्या संघटनेलाही दंड केला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण संघटनेच्या व्यासपीठावर किमती आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना मिळण्याकडे आयोग किती गंभीरपणे पाहतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणून काही नियम स्वतःपुरते पक्के करा. विक्रीदर, सवलत, उधारीच्या अटी, भरायची निविदा आणि एखाद्या ग्राहकावर वा पुरवठादारावर बहिष्कार हे विषय बैठकीत नकोत, चहाच्या वेळी नकोत आणि समितीच्या व्हॉट्सॲप गटावरही नकोत. आकडेवारी सदस्यांनी थेट सचिवालयाला द्यावी; सचिवालयाने ती एकत्र करून केवळ बेरजा आणि सरासरी समितीपुढे ठेवाव्यात. वीजबिलांचेही तसेच, कारण बिलावरून उत्पादनाचा अंदाज बांधता येतो. कोणी दराचा विषय काढलाच, तर तो थांबवण्याची विनंती करा. चर्चा थांबली नाही तर बैठकीतून बाहेर पडा आणि आपण बाहेर पडल्याची वेळ इतिवृत्तात नोंदवायला सांगा. ओळखीच्या माणसांसमोर असे करणे अवघड जाते, तरीही करावे. अध्यक्षांनी प्रत्येक बैठकीच्या आरंभी याविषयीचे दोन ओळींचे निवेदन वाचून दाखवण्याची प्रथा पाडली, तर हा अवघडपणा बराच कमी होतो.

९. इतर नेहमीचे खड्डे

समितीच्या सदस्याने वृत्तपत्राला दिलेली प्रतिक्रिया चेंबरची भूमिका म्हणून छापली जाते. ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याचे नाव पत्रकारांना द्यावे. आपण बोलणारच असाल तर स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने बोलावे.

चेंबरच्या पत्रशीर्षावर स्वतःच्या एकट्याच्या प्रकरणाची शिफारस मागू नये. आपली अडचण इतर सदस्यांचीही आहे हे दाखवता आले, तर समिती ती आनंदाने घेते. तसे दाखवता येत नसेल, तर तो वकिलाचा किंवा करसल्लागाराचा विषय आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राबाबत (कारखाना चालवण्याच्या परवानगीबाबत) हा भेद विशेष पाळावा लागतो: संमतीच्या नूतनीकरणाला सर्वांनाच लागणारा विलंब हा समितीचा विषय, पण आपल्या कारखान्याला आलेली नोटीस हा आपला विषय.

समितीची सदस्य-यादी विक्रीसाठी वापरणे हा विश्वासघात आहे. सौरऊर्जा, विमा, संगणकप्रणाली विकणारे काही सदस्य केवळ त्यासाठीच समितीत येतात, आणि ऊर्जा समितीत आपल्याच उत्पादनाला अनुकूल धोरण सुचवतात. त्यांचे ज्ञान समितीला उपयोगी असते, म्हणून त्यांना बाहेर ठेवू नये. परंतु त्या विषयावर ठराव होताना हितसंबंध जाहीर करून त्यांनी मतदानापासून दूर राहावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

१०. निकाल सदस्यांपर्यंत पोचवा

समितीने मिळवलेला बदल सदस्यांना माहीतच नसेल तर त्याचा लाभ कोण घेणार? महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच एककावर (प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेऐवजी जाळ्यातून घेतलेल्या एकूण विजेवर) वीज आकारणी सुरू झाली, तेव्हा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) खाली असलेल्या कारखान्यांचे बिल थेट वाढणार हे उघड होते, आणि वेळेवर कपॅसिटर पॅनेल तपासून घेणाऱ्यांना ती वाढ टाळता येणार होती. अशा प्रसंगी निवेदनापेक्षा एका पानाचे मराठी माहितीपत्रक अधिक काम करते. निर्यातदारांसाठी चेंबर देत असलेल्या मूळ-देश प्रमाणपत्राचेही (माल कोणत्या देशात बनला हे सांगणाऱ्या) तसेच आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर आता त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यास त्या प्रणालीवरील नोंदणीचे टप्पे कोणीतरी समजावून सांगावे लागतात. निर्यात समितीचे हेही काम आहे.

११. मुदत संपताना फाइल सुपूर्द करा

समितीची मुदत बहुधा एक-दोन वर्षांची असते आणि शासनाचे निर्णय त्याहून सावकाश होतात. त्यामुळे आपण सुरू केलेले काम पुष्कळदा पुढच्या समितीच्या काळात पूर्ण होते. प्रत्येक प्रलंबित विषयासाठी एक टिपण तयार करून सचिवालयाकडे द्यावे. त्यात निवेदनाची तारीख व आवक क्रमांक, ज्या पदाच्या अधिकाऱ्याकडे फाइल आहे ते पद, आलेले उत्तर, पुढची अपेक्षित तारीख आणि समितीतील मतभेद असल्यास तेही लिहावेत. सदस्यांची बिले, ताळेबंदाचे उतारे किंवा अन्य गोपनीय कागद आपल्याकडे राहिले असतील तर ते ज्याचे त्यास परत करावेत आणि तसे पत्र घ्यावे. समितीच्या ईमेल खात्याचा पासवर्ड आणि व्हॉट्सॲप गटाचे व्यवस्थापन नव्या निमंत्रकांकडे त्याच दिवशी द्यावे. नव्या समितीच्या पहिल्या बैठकीला निमंत्रण आल्यास जावे, प्रलंबित विषयांचे टिपण वाचून दाखवावे आणि त्यावरील प्रश्नांना उत्तरे द्यावीत.